मागच्या बाकावरच्या बाई

बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर, असं त्यांची लेक म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं. पण त्या रागाला कारणंही तशीच होती हो! इंग्रजी शिकवण्यात हयात गेली, तीही सगळी तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि आजारी पडायचीसुद्धा सोय नाही. "पुढच्या वर्षी कायम करू" असं म्हणत मुख्याध्यापक एकामागून एक निवृत्त झाले, बाई आपल्या तिथंच. शेवटच्यानं तर त्यांचा वर्ग उचलून स्वतःच्या सुनेला दिला. बाईंनी खडूचा डबा त्याच्या टेबलावर आपटला आणि त्या चालत्या झाल्या. नवरा केव्हाच गेलेला, लेक आपल्या घरी. आता कुणाची भीड ठेवायची?

नेमका तेव्हाच तो एजंट भेटला. तोंडात साखर घोळवत बोलणारा.

"बाई, तुमच्यासारखी माणसं इथं वाया जातात हो! परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्याला डोक्यावर घेतात. जाताना पाहुण्याच्या व्हिसावर जायचं, तिथली संस्था महिनाभरात कामाचा करून देते. सगळे असेच जातात."

सगळे असेच जातात म्हणे! हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याच्या तोंडात तेव्हाच बोळा कोंबायला हवा होता.

करार आला. आणि इथं बाईंनी जी चूक केली ती इंग्रजीच्या मास्तरणीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. त्या करार वाचायला बसल्या त्याच मुळी लाल पेन घेऊन. इथं शब्द गाळलाय, तिथं वाक्य लोंबकळतंय, ही काय भाषा झाली!

"आई, त्यात लिहिलंय काय ते तरी बघ," लेक म्हणाली.

"बघतेच आहे ना! अगं, माझी दहावीतली पोरं याहून बरं लिहायची."

एका कलमात लिहिलं होतं की करार संपेपर्यंत पासपोर्ट संस्थेच्या ताब्यात राहील आणि मागता येणार नाही. ते वाक्य इतकं वेडंवाकडं होतं की बाईंनी अख्खं खोडून नव्यानं लिहिलं, चांगलं सरळ, स्वच्छ, कुठं फट न ठेवता. संस्थेनं त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या मान्य करून प्रत परत पाठवली तेव्हा बाईंची कॉलर ताठ झाली. सही ठोकली. आपल्याच गळ्यावर फिरणाऱ्या सुरीला आपणच धार लावून दिली, हे त्या घडीला त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

संस्था म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरचे दोन वर्ग, मध्ये प्लायवूडची भिंत. इकडे बाई काळ शिकवायच्या तेव्हा तिकडून दुसरा एक उंच मास्तर फळांची नावं म्हणून घ्यायचा. राहायला जिन्यामागची खोली. खिडकी उघडली की शेजारच्या एसीची गरम हवा सरळ तोंडावर. पण शिकायला येणारी माणसं सोन्यासारखी. दवाखान्यातली नर्स, टॅक्सीवाला, हॉटेलच्या काउंटरवरच्या दोघी. दिवसभर राबून यायची आणि तरी घरचा अभ्यास करून यायची. बाईंना वाटायचं, एवढी वर्षं शिकवलं, पण शिकायची भूक काय असते ते इथं दिसलं.

व्हिसा मात्र पाहुण्याचा तो पाहुण्याचाच. मुदत संपत आली की मालक सगळ्या मास्तरांना एका गाडीत कोंबून सीमेवर न्यायचा. पलीकडे जाऊन शिक्का, तिथं एक कप चहा, अलीकडे येऊन शिक्का, की नवी मुदत सुरू. बाई त्याला शिक्क्यांची सहल म्हणायच्या. मग एकदा मालकानं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, कामाच्या व्हिसाला टाकतो म्हणून. झालं! तेव्हापासून सहल बंद, व्हिसाचा पत्ता नाही आणि पासपोर्टही गेला. विचारलं की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे."

बाईंनी तेही सोसलं असतं. पण लेकीचे दिवस भरत आले.

लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्या वेळी बाई तासावर होत्या. तास बुडवला तर तो दुसऱ्याला देतील या धास्तीनं त्यांनी शाळा सुटेपर्यंत शिकवलं आणि मग दवाखाना गाठला. लेक भिंतीकडे तोंड करून झोपली होती. "आई, उशीर केलास गं," एवढंच म्हणाली. बाईंच्या काळजात ते रुतून बसलेलं. या खेपेला त्यांनी लेकीला शब्द दिला होता, काही झालं तरी मी तुझ्या उशाशी असेन.

त्या मालकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पासपोर्ट द्या. माझी लेक बाळंत होणार आहे."

मालक पाणी पीत होता. पेला खाली ठेवून हसला. "वर्ष पुरं करा, मग न्या. करार आहे ना आपला? आणि ते कलम तर तुम्हीच लिहिलंय. किती छान लिहिलंय! आता मी सगळ्यांना तेच देतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर शब्द आले होते, पण मालकाचा फोन वाजला. खालचा दुकानदार होता. साहेब जिना चढतोय.

आता या संस्थेची एक तऱ्हा होती. तपासणीचा साहेब आला की मास्तर विद्यार्थी व्हायचे. मागच्या बाकावर कोऱ्या वह्या तयारच असायच्या. मास्तरांनी तिथं जाऊन बसायचं आणि फळ्यापाशी मालकाचा भाचा उभा राहायचा, जो एरवी झेरॉक्स काढायचा आणि पंखे बंद करायचा. त्याला फक्त कामाची परवानगी होती, इंग्रजी येत नव्हतं. पहिल्यांदा हे नाटक झालं तेव्हा बाईंना पोट धरून हसू आलं होतं. आज त्यांनी वही बाकावर आपटूनच उघडली.

साहेब आत आला. भाच्यानं फळ्यावर काहीतरी खरडलं आणि वर्गाकडून म्हणून घ्यायला लागला. नर्स खाली मान घालून बसली. टॅक्सीवाला मागं वळून बाईंकडे बघायचा आणि पटकन पुढं बघायचा. साहेब फिरत फिरत मागच्या बाकाशी थांबला.

"या कोण? वय झालेलं दिसतंय."

"नवीन आहेत," मालक लगबगीनं म्हणाला. "जरा मंद आहेत. काही येत नाही हो त्यांना. पण आम्ही दयेनं शिकवतो."

साहेबानं बाईंच्या खांद्यावर थोपटलं. "मन लावून शिका."

दयेनं! बाई ताडकन उठल्या. बाक मागं कलंडला.

"काय शिकू? या वर्गाची मास्तर मी आहे! या सगळ्यांना मी शिकवलंय. माझा व्हिसा यांनी केला नाही आणि माझा पासपोर्ट यांच्या खणात आहे. विचारा यांना!"

मग नर्स उठून उभी राहिली. टॅक्सीवाला उभा राहिला. काउंटरवरच्या दोघीही उठल्या.

तुम्हाला वाटेल, आता मालकाची धिंड निघाली असेल. छे! साहेब मालकाबरोबर केबिनमध्ये गेला, चहा प्याला आणि बाहेर येऊन बाईंना म्हणाला, पाहुण्याच्या व्हिसावर काम करणं हा तुमचा गुन्हा. मुदत उलटून राहणं हाही तुमचाच. संस्था म्हणते, आम्हाला वाटलं या शिकायलाच आल्यात. आणि मजा बघा, साहेबानं मागितल्याबरोबर पासपोर्ट खणातून निघाला! जो आजवर प्रोसेसमध्ये होता तो खणातल्या बिस्किटांच्या पुड्याखाली होता.

बाईंना कोठडीसारख्या खोलीत बसवलं, पुन्हा या देशात पाऊल ठेवायचं नाही असा शिक्का मारला आणि चोरासारखं विमानात चढवलं. त्यांचं सामान नर्सनं भरून आणून दिलं होतं. वर घरच्या अभ्यासाची वही ठेवलेली, तपासायची राहिलेली.

पण बाई पोचल्या. लेकीनं किंकाळी फोडली तेव्हा तिच्या मुठीत आईचाच हात होता. नात झाली.

"आई, सुट्टी कशी गं मिळाली?" लेकीनं नंतर विचारलं.

"सुट्टी कसली! हाकललं मला," बाई म्हणाल्या, आणि दोघी टाके दुखेपर्यंत हसल्या. म्हणजे टाके लेकीचे दुखले.

नात दोन दिवसांची झाली नाही तोच एजंट दवाखान्यात हजर. हातात पेढे नाहीत, फुलं नाहीत, नवा कोरा करार.

"झालं ते वाईट झालं, बाई. पण तुमची जागा रिकामी पडलीय ना तिथं. तुमची लेकही बी.एड. आहे. बाळ जरा मोठं झालं की... व्हिसाचं काय हो, सगळे असेच जातात."

बाईंच्या मांडीवर नात झोपली होती, नाहीतर त्या ओरडल्या असत्या. त्यांनी करार हातात घेतला. या वेळी पेन न घेता वाचला. पासपोर्टच्या कलमाशी आल्या आणि थांबल्या. सरळ, स्वच्छ, कुठं फट नसलेलं वाक्य. अक्षर न् अक्षर त्यांचं.

"हे आता सगळ्यांना देतात?"

"हो तर! चार संस्था वापरतात. भाषा किती चोख आहे म्हणतात."

"किती जणींनी सही केली यावर?"

"बऱ्याच आहेत की," एजंट कौतुकानं म्हणाला.

बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला आणि डोळेही भरून आले. कुणावर चिडायचं? लेकीनं गुपचूप उशाखालची आईची पर्स ओढली आणि आईपुढं लाल पेन धरलं. बाईंनी त्या वाक्यावर काट मारली, पुन्हा मारली, कागद फाटेपर्यंत मारत राहिल्या. मग करार उलटा केला आणि कोरी बाजू एजंटपुढं सरकवली.

"त्या सगळ्यांचे फोन नंबर लिही यावर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते एजंटला कळलंही नाही. "आत्ता. बाळ उठायच्या आत."

एजंट उठून दाराकडे सरकला. दारात जावई चहाचा थर्मास घेऊन उभा होता, आणि तो काही बाजूला होईना.