वडिलांचा मोबाईल नंबर

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तेल्हाऱ्याकडच्या एका मुलीची वसतिगृहातली जागा माझ्यामुळे गेली, आणि तिच्यासमोर उभं राहून मी चूक तिचीच ठरवली.

तेव्हा अमरावतीत मी वेबसाइटी बनवायचो. दर हंगामाला गावोगाव माणसं जीव देत होती. अशा घरांतल्या मुलींसाठी एका वसतिगृहाने काही जागा राखल्या होत्या आणि त्यांचा ऑनलाइन अर्ज माझ्याकडे होता. कोणता रकाना रिकामा चालेल आणि कोणता नाही, हे जावास्क्रिप्टमध्ये एकेक रकाना वेचून सांगायचं होतं. वडिलांचा नंबर रिकामा असला तरच निवडीचा मेसेज खालच्या रकान्यातल्या मामा-काकाला जाणार होता. वेचायचा मला कंटाळा आला. इनपुट, स्वल्पविराम, सिलेक्ट. लिहायचे आणि यादीतून निवडायचे, असे सगळे रकाने एका ओळीत धरले आणि सरसकट सक्तीचे करून टाकले. स्वतः भरून पाहिलं. माझे वडील बडनेऱ्याला घरी होते. माझा अर्ज पहिल्या दमात गेला.

मुदत उलटल्यावर ती मामासोबत आली. मीही तिथे कार्यालयात होतो. बाबूने सांगितलं, मेसेज केला होता, कोणी आलं नाही, जागा दुसरीला दिली. त्याने नंबर दाखवला तसा मामा भाचीवर उखडला.

"बंद नंबर कावून टाकला वं? माहा टाकाचा ना."

"तुमचा खाली टाकला ना मामा. वरचा रिकामा ठेवला तं पुढंच जाऊ देत नव्हतं. अन् तिथं बाबाचा मांगतला होता. तुमचा टाकला असता तं खोटं झालं असतं."

त्याच अर्जात, थोडं वर, 'वडील हयात आहेत का' यापुढे तिने 'नाही' निवडलं होतं. बाकीच्या पोरींनी काकाचा, शेजाऱ्याचा, सापडेल तो नंबर ठोकून दिला होता.

बाबूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "फॉर्म बरोबर आहे. नंबर चालू आहे का, ते भरणाऱ्यानं पाहायचं."

मामा वरमला. उलट माझीच माफी मागितली, पोरगी लहान आहे म्हणाला. दोघं अकोल्याच्या गाडीकडे चालते झाले.

घरी येऊन ती ओळ सुधारली. चहा निवायच्या आत झालं. कोणाला कळवलं नाही.

ती पुढे शिकली की तिचं लग्न लावून दिलं, ठाऊक नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. वसतिगृह कधीचंच बंद पडलं. ती जागा आता परत देता येत नाही. पण तिने अर्ज बरोबर भरला होता, हे तिला जाऊन सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.