कव्हरवरचा घोडा

जुने कृष्णधवल चित्रपट डिस्कवर पुन्हा काढणाऱ्या एका कंपनीसाठी ते कव्हरं रंगवायचे, म्हणून आसपासचे लोक त्यांना कव्हरवालेच म्हणत. हात कसबी, पण तोंडाला कायमचं कुलूप. दिवसभरात "चहा" आणि "दार लाव" याच्यापलीकडे त्यांच्या तोंडून काही निघालंच, तर आज सूर्य कुठून उगवलाय ते बायको खिडकीतून बघून घ्यायची.

त्यांचा एक हट्ट होता. ज्या चित्रपटाचं कव्हर करायचं, तो स्वतः पाहायचा नाही. पाहिला की हात पडद्यावरचं दृश्यच उतरवून काढतो, असं त्यांचं म्हणणं. कंपनीचं टिपणसुद्धा ते वाचत नसत. चित्रपट पाहायचा बायकोने आणि जेवणानंतर यांना सांगायचा. तेवढा वेळ ब्रश खाली, रेडिओ बंद, आणि कव्हरवाले चक्क तिच्याकडे बघत बसत. मध्ये मध्ये विचारतही, "मग ती परत गेली का?" बाईने मनसोक्त बोलावं आणि नवऱ्याने कान देऊन ऐकावं, असा त्यांच्या संसारातला वेळ तो एवढाच. त्या दिवशी ती सकाळपासून खुशीत असायची. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, ते वेगळं सांगायला नको.

कव्हरं मात्र नावाजली जायची. एकावर अर्धवट उघडं दार, दुसऱ्यावर रिकामा जिना, तिसऱ्यावर पाठमोरी बाई. जाणकार त्यात खोल खोल अर्थ काढत.

मग एका कव्हरवर घोडा आला. पांढराशुभ्र, खिडकीतून आत डोकावणारा. कंपनीतल्या बाईंचा फोन आला.

"चित्र सुंदर आहे हो. पण हा घोडा कुठला?"

"चित्रपटातला."

"अहो, अख्खा चित्रपट पाणबुडीत घडतो."

त्या संध्याकाळी कव्हरवाल्यांनी हट्ट गुंडाळून ठेवला आणि डिस्क लावली. शेवटपर्यंत पाणी, लोखंड आणि दाढी वाढलेले पुरुष. घोडा राहू द्या, साधी खिडकीही नव्हती.

बायको भाजी निवडत होती. विचारल्यावर तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"मला झोप लागायची हो. सुरुवातीचे पाहिले मन लावून. मग डोळा लागायला लागला, आणि मी आपली मनानेच रचून सांगू लागले."

"कधीपासून?"

"ते पाठमोऱ्या बाईचं कव्हर आहे ना, तेव्हापासून."

त्याच कव्हराला बक्षीस मिळालं होतं.

"सांगायचंस ना मला, झोप येते म्हणून."

"सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःच पाहिले असते. मग माझ्याशी बोलायला कशाला बसला असता?"

कव्हरवाल्यांना वाईट वाटलं, आणि राग कसा येत नाही याचं नवलही वाटलं.

पाणबुडीचं कव्हर त्यांनी नव्याने केलं आणि कंपनीने ते मुकाट्याने घेतलं. पुढची डिस्क आली, ती त्यांनी स्वतःच पाहिली. पुन्हा फजिती नको होती. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्या मोडून पुन्हा घालत होती. चित्रपट संपल्यावर कव्हरवाल्यांनी कागदावर चार रेघा ओढल्या, खोडल्या, आणि आत येऊन तिच्यासमोर बसले.

"एक बाई आहे," ते म्हणाले. "घर सोडून निघते, स्टेशनवर पोचते. पुढचं मला काही पटलं नाही. तू सांग, काय होतं?"

बायकोने हातातली चादर बाजूला ठेवली.

"एकटीच का निघते?"

"नवरा बोलत नाही तिच्याशी. वर्षानुवर्षं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हे चित्रपटातलं आहे की यांनी आत्ता रचलंय, ते तिने विचारलं नाही.

"परत येते," ती म्हणाली. "पण लगेच नाही."