आईनं पाहून ठेवलेली वेळ

बाबांच्या औषधाची वेळ सकाळ-संध्याकाळ आठची होती आणि आईला घड्याळ कळत नव्हतं. एवढं साधं कसं कळत नाही, म्हणून मी तिच्यावर चिडले. मग घड्याळाखाली भिंतीवर कोळशानं एक वाटोळं काढलं, त्यात आठाचे काटे दाखवले आणि वडनेरहून बुलढाण्याला शाळेत निघून गेले.

बाबा गेल्याचा निरोप मिळाला. मी पोचले तेव्हा पंचक लागतं का ते पाहायला भटजी मृत्यूची वेळ विचारत होते. कोणालाच सांगता येईना.

"मले वाचता नाही येत," आई म्हणाली, "पन काटे पाहून ठेवले."

विझलेल्या चुलीतला कोळसा घेऊन तिनं माझ्या वाटोळ्याशेजारी दुसरं काढलं. सगळे माझ्याकडे वळले. सव्वाचार, हे मोठ्यानं मलाच वाचावं लागलं.