जमादारांचं नाक

सुपारीच्या वाडीत झावळी पडली की लगेच उचलावी लागते. आज उचलू, उद्या उचलू करत राहिलं की चालायला वाट उरत नाही. आमच्या कट्ट्यावरच्या किश्शांचं तसंच झालंय. एका विषयाचे तर इतके साचले, की आता उचलून एका बाजूला लावणं भाग आहे. विषय असा, की गांजा कायदेशीर करावा का.

श्रीवर्धनला समुद्राकडे तोंड करून बसणारे आम्ही चौघं, सगळे सत्तरीपुढचे. करमरकर वकील कायदेशीर करण्याच्या बाजूने. पोलिसातून निवृत्त झालेले पाटील जमादार विरोधात. म्हसळ्याचे अब्दुलभाई पंचवीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होते, आता लेकीकडे इथे राहतात. ते कुणाच्याच बाजूने नाहीत. आणि मी, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, दोन्ही बाजूंनी. हे गमतीने म्हणत नाही. भाजीवालीने "मेथी देऊ की चवळी" विचारलं तरी मला घाम फुटतो.

गेले चार महिने मात्र हा वाद बंद होता. पाटीलवहिनींच्या हाडांत आजार शिरला. तो बरा होणारा नाही, आता फक्त दुखणं कमी करायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नेहमीच्या गोळ्यांनी ते कमी होत नव्हतं. तेव्हापासून, एक प्रसंग सोडला तर, कट्ट्यावर तो शब्द कुणी काढला नाही. का, ते सांगतोच, पण आधीचं आधी.

*

सुरुवात वकिलांनी केली. कुठल्याशा देशात कायदा बदलल्याची बातमी वाचून त्यांनी वाचनालयात चर्चा ठेवली. ते बाजूने बोलणार, जमादार विरोधात, आणि शास्त्रीय बाजू मांडायला मी. मी महिनाभर वाचलं. बावीस पानांचं टिपण काढलं. त्यात ‘तथापि’ हा शब्द एकोणचाळीस वेळा आला होता. आदल्या दिवशी काळजी वाटली म्हणून मोजलं.

चाळीस मिनिटं बोललो. खाली उतरलो तर वकिलांनी माझा हात हातात घेतला.

"सर, माझा मुद्दा तुम्ही पुराव्यानिशी सिद्ध केलात."

त्यांच्यामागे जमादार उभे होते. वकील सरकल्यावर ते पुढे आले आणि हळूच म्हणाले, "वकिलाला असा झोपवलात सर, की उठायचा न्हाय."

मी दोघांचे आभार मानले. दोघांचंही बरोबर असेल, अशी शंका मला अजून आहे.

*

अब्दुलभाईंना मत विचारलं की ते ॲमस्टरडॅमला जातात. त्यांची बोट तिथे तीन दिवस लागली होती. कुणीतरी सांगितलं, इथे दुकानात गांजा मिळतो, पोलीस समोरून जातात आणि काही बोलत नाहीत. कायदेशीर गांजा दिसतो तरी कसा, ते बघायला अब्दुलभाई गेले. दुकान स्वच्छ होतं, कुंड्या होत्या, हळू आवाजात गाणं चाललं होतं. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "पासपोर्ट?"

अब्दुलभाई तिथून निघाले ते थेट बोटीवर.

"एवढी बंदरं फिरलो," ते म्हणतात, "मुंबईला आमच्या आळीत चोरून गांजा घेणाऱ्याला कुणी कधी नाव पण विचारलं नाय. जिथं दारातच कागद मागतात, तिथं आत काहीतरी बेकायदा असणारच."

ही गोष्ट जमादारांना विरोधातला पुरावा वाटते आणि वकिलांना बाजूचा.

*

जमादार नोकरीत असतानाची गोष्ट. म्हसळ्याजवळ एका परसात संशयास्पद झाडं असल्याची खबर आली. साहेब म्हणाले, तज्ज्ञ आणा. तालुक्यात तज्ज्ञ म्हणजे मी. माझी पीएच.डी. समुद्री शेवाळावर आहे, हे मी जीपमध्ये तीनदा सांगितलं.

"पाण्यातलं का आसंना, हिरवंच ना ते?" जमादार म्हणाले.

पानं पंजासारखी, कडेने दातेरी. खरं सांगतो, मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, की ही अंबाडीच; तिची पानं गांजासारखी दिसतात. पण खाली सही करायची म्हटल्यावर हात चालेना. न जाणो. भिंग काढलं, पट्टी काढली, दीड पान लिहिलं आणि शेवटी मत दिलं, ‘प्रथमदर्शनी ही बहुधा अंबाडी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ झाडांचा मालक हे सगळं होईपर्यंत उन्हात हात जोडून उभा होता.

जमादारांनी कागद वाचला आणि घडी घातली. मग वाकून एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं.

"अंबाडी हाय. जा रं तू घरात. कण्या घालून भाजी कर."

जीपमध्ये बसताना त्यांनी माझा कागद परत दिला. "सर, तुमाला समदं म्हाईत आसतंय. निस्तं बोलवत न्हाय."

तालुक्यात त्यांच्या नाकाची ख्याती होती. बंद पोतं उघडायच्या आधी ते त्यावर वाकत, एक लांब श्वास घेत आणि आत काय आहे ते सांगत. तेहतीस वर्षांत ते नाक एकदाही चुकलं नाही.

*

कायद्याची बाजू वकिलांनी आम्हाला एका महाशिवरात्रीला समजावली. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे नसलेली नुसती पानं, म्हणजे भांग, कायद्याने गांजा नव्हेत.

"म्हंजे झाड येकच," जमादार म्हणाले, "वरचा भाग आरोपी आन् खालचा साक्षीदार?"

"अगदी तसंच नाही, पण तसंच."

"ह्यो कायदा सरांनी लिवलेला दिसतोय."

त्या दिवशी वकिलांनी देवळाबाहेर पेलाभर थंडाई घेतली. भांगेबद्दल पंधरा वर्षं बोलत होते, पण चव पहिल्यांदाच घेतली. दहा मिनिटांत त्यांना पाय जाणवेनासे झाले. जमिनीवर बसून त्यांनी आम्हाला घरचा पत्ता आणि विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. अब्दुलभाईंनी त्यांना वारा घातला. मी नाडी बघितली. तीही मला नीट सापडली नाही.

इतक्यात गुरव आतून आला. "वकीलसाहेबांना काय झालं? भांग तर अजून वाटायचीच आहे."

*

काशीदला जागा मिळाली नाही की उरलेले पर्यटक आमच्याकडे येतात. एकदा चार तरुण गाडी घेऊन जमादारांच्या अंगणात शिरले. जमादार बनियन घालून सुपारी सोलत बसले होते. एकाने खाली वाकून विचारलं, "अंकल, इधर गांजा मिलेगा?"

जमादारांनी अडकित्ता खाली ठेवला आणि त्यांना पडवीत बसवलं. मग कलमं, शिक्षा, जामीन, सगळं क्रमाने सांगितलं. पाऊण तास. मुलं रडकुंडीला आली. आतून वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांचा आवाज तेव्हा रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा.

"आवो, पोरं हायेत ती. किती घाबरवाल?" मग मुलांकडे वळून, "आन् तुमी रं, ह्यांचं घर हुडकून काढलंत, तसं घरी फोन करून आईला सांगितलंत का, पोचलो म्हणून?"

चौघांनी जागेवर फोन लावले. जमादार मला म्हणाले, "तेहतीस वर्षं मी नुसतीच कलमं लावली सर. खरं पोलीस स्टेशन हे आतलं."

*

आता शेवटचं.

या पावसाळ्यात तो रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा आवाज घराबाहेर येईनासा झाला. मुंबईला असणारी सून एका वैद्यांकडून रीतसर चिठ्ठीवर थेंबांची बाटली घेऊन आली. बाटलीवर नाव होतं, विजया. जमादारांनी कट्ट्यावर सहज विचारलं, विजया म्हणजे काय हो?

वकिलांना राहवलं नाही. "भांग! त्याच झाडाची पानं. कायदेशीर आहे, चिठ्ठी आहे. म्हणजे पाटील, शेवटी तुमच्याच घरात..."

वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं, पण तोवर उशीर झाला होता. जमादार उठून घरी गेले आणि बाटली कपाटात कुलूपबंद केली. हयातभर लोकांच्या झोळ्या हुंगल्या, आता हे माझ्या घरात न्हाय, म्हणाले. सुनेने समजावलं. वकिलांनी कायद्याचं पुस्तक नेलं, माफीही मागितली. अब्दुलभाई एवढंच म्हणाले, "पाटील, वहिनीला विचारलंत का?"

विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, "मला काय विचारता? नियम तुमचे, हाडं माझी."

बाटली कपाटात पडून अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी दुपारी आम्ही तिघं वहिनींना बघायला गेलो. पडवीत बसलो. आत खाट होती, मधलं दार उघडं होतं. जमादार उठले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी बाटली आणून माझ्यासमोर धरली.

"सर, तुमी तज्ज्ञ. हे काय हाय?"

मी घसा साफ केला.

"दीड पान नको," जमादार म्हणाले. "येका शब्दात सांगा."

लेबलावर त्यांचा अंगठा होता. नख पांढरं पडेल इतका घट्ट.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आत खाट करकरली. वहिनी कुशीवर वळू बघत होत्या आणि ते जमत नव्हतं. वकील वाशांकडे बघत होते. बहुधा, तथापि, एका अर्थी, असे माझे सगळे शब्द घशाशी येऊन उभे राहिले.

"अंबाडी," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. सही करून देतो."

जमादारांनी बूच काढलं. बाटली नाकाशी नेली आणि पोत्यावर वाकून घेत असत तसा एक लांब श्वास घेतला. बराच वेळ तो सोडलाच नाही. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि बाटली तिच्या हातात दिली.

"सर म्हणतात अंबाडी हाय," ते म्हणाले. "चिठ्ठीत बघ, जेवणाआधी द्यायची का नंतर."