आक्काच्या दहा उठबशा

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी अवसरीत अंगणात दात घासत होतो. "मामा, आई गेल्या..." एवढंच ती बोलू शकली. तोंड धुवायचंही राहिलं, तसाच बेल्ह्याला निघालो. त्याला आता महिना होऊन गेला.

आक्का माझी थोरली बहीण, सुनंदा तिची सून. आमची आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. पुढं मी शाळेत खेळाचा मास्तर झालो. बत्तीस वर्षं पोरं पळवली, कबड्डीचे संघ जिल्ह्यापर्यंत नेले. इकडं आक्काचं वजन वाढत होतं, गुडघे कुरकुरत होते, ते मला दिसलंच नाही. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "बाळू, मला बी कायतरी शिकव की. दोन पायऱ्या चढले तरी लई दम लागतोय." मी हसलो. "शेतातली बाई तू, तुला कसला व्यायाम?" घरातले सगळे हसले. तीही हसली... पुन्हा कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी तिच्या पायांवर सूज आली. हृदय कमजोर झालंय, झेपेल तेवढीच हालचाल करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी गेलो. तिच्या खोलीत लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. बसायचं, सावकाश उठायचं, पुन्हा बसायचं. बसल्या बसल्या टाचा उचलायच्या, हात खांद्यापर्यंत न्यायचे. पहिल्या दिवशी दोनदा उठली आणि घामाघूम झाली. आधी दार लावून घे म्हणाली.

"बाया हसतील."

"हसू दे की, आक्का."

"तू हसला व्हतास, त्ये आजून ध्यानात हाय माझ्या."

मी उठून दार लावून घेतलं.

रोज सकाळी सातला मी फोन लावायचा, तिनं तो टेबलावर ठेवून मोठ्यानं मोजत उठबशा काढायच्या, असं ठरलं. दोनाच्या पाच झाल्या, दोन महिन्यांत दहा. "आज मळ्यापातुर चालत गेले, राव!" असं तिनं सांगितलं, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना पेढे वाटले. नंतर तिचा आवाज बारीक होत गेला. आकड्यांमधलं अंतर वाढलं, धाप ऐकू यायची. मला वाटलं, मेहनत घेतेय.

दहावा झाल्यावर सुनंदानं मला आक्काच्या खोलीत नेलं. खुर्चीवर गोधड्यांची चळत होती.

"मामा, शेवटचे पंधरा-वीस दिवस त्या उठतच नव्हत्या. पलंगावर पडून नुसतं मोजायच्या. मी तुम्हाला सांगते म्हणलं, तर हात धरला माझा. 'नको सांगू, त्यो सोताला दोष दिल,' म्हणल्या."

तेव्हा कळलं असतं तर मी तिला दवाखान्यात नेलं असतं. डॉक्टर म्हणतात, फार फरक पडला नसता, उशीर आधीच झाला होता. किती आधी, ते मला माहीत आहे...

दहा झाले की मी रोज म्हणायचो, "शाब्बास आक्का! उद्या बारा."

शेवटच्या सकाळी तिनं बारा मोजले होते.