खोकली म्हणजे जीव आहे

ओढा ओलांडून वर आल्यावर हणमंतप्पांनी खांद्यावरचं पोतं पुन्हा बदललं. उजव्या खांद्यावरून डाव्या. मघाशी उजव्यावर घेतलं होतं, ते शंभर पावलंही टिकलं नव्हतं.

“मामा, द्या की जरा माझ्याकडं,” उमादेवी म्हणाली.

“लेकराला जड हाय ते.”

“लेकरू बावन्न वर्षांचं झालंय.”

“तरी बी जड हाय,” म्हणून ते पुढं चालू लागले.

उमादेवी त्यांच्या थोरल्या बहिणीची लेक. हे लिहितेय ती तीच. पण गोष्ट तिची नव्हे, मामांची. म्हणून तिलाही इतरांसारखं नावानंच हाक मारू.

सास्तूरहून दोघं मोटारसायकलवर निघाली होती. अर्ध्या वाटेत गाडीची चेन तुटली. गाडी एका वस्तीवर उभी केली आणि राहिलेला दीड कोस पायी निघाली. निघताना मामांनी बजावलं होतं, “पंचक्रोशीच्या मोटारी नीट करणाऱ्याची गाडी वाटंत मेली, हे तुझ्या मामीला सांगू नगंस. वरीसभर पुरवून पुरवून बोलंल.”

पोत्यात होती लाकूड कापायची मशीन. पेट्रोलवर चालणारी, पुढं लांब पात्यावर साखळी फिरणारी, तीच. भगवा रंग उडालेला, परदेशी बनावटीची, मामांच्या अंदाजानं पन्नास वर्षांची. ती मळ्यातल्या वस्तीवर एकट्या राहणाऱ्या हरणाबाईंची होती, आणि दोघं त्यांच्याकडंच निघाली होती. दसरा झाला की हरणाबाईंची लेक सोनाली त्यांना कायमची पुण्याला नेणार होती. हरणाबाईंचा एक कान गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. मशीन मामांना देताना त्यांनी एकच अट घातली होती, “म्या जायच्या आदी एकदा हिचा आवाज ऐकवा, आप्पा. मग तुमची.” मामांनी शब्द दिला होता. उद्या खंडेनवमी, परवा दसरा. आज नाही तर मग नाहीच.

अशा बावीस मशिनी मामांच्या दुकानात भिंतीला टांगलेल्या आहेत. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं. पोट त्यावर. मशिनी हा नाद. लातूर, सोलापूर, विजापूर, जिथं जुन्या लोखंडाची दुकानं तिथं हे जाणार. ढिगातनं एखादी उचलायची, सुरू करायची दोरी ओढायची. कायच हललं नाही तर खाली ठेवायची. आतून जरा जरी फसफस झाली, तर डोळे लकाकायचे. “खोकली. खोकली म्हणजे जीव आहे.” मग ती सास्तूरला येणारच.

शिवगंगामामी म्हणायची, “माणसं देवाला बेल आणत्यात, ह्ये भंगार आणत्यात.” पण भिंतीला खिळे ठोकताना शिडी तीच धरायची.

एवढ्या मशिनी, पण मामांनी एक झाड कापलं नाही. साखळ्या काढून डब्यात ठेवलेल्या. लाकडाच्या ठेकेदारानं भाड्यानं मागितली, तर म्हणाले, “त्या आता रिटायर झाल्या.” मग नाद तरी कशाचा? चालताना उमादेवीनं विचारलं.

“आवाजाचा,” मामा म्हणाले. “त्र्याण्णवच्या भूकंपात आमचा थोरला भाऊ वीरप्पाण्णा तुळईखाली व्हता. आतनं बोलायचा, पण हात पोचंना. बाहीरची माणसं आली, त्येंच्याकडं ही मशीन. आदी कवा बघितलीबी नव्हती म्या. सुरू झाली, तुळई दोन जागी कापली, आन अण्णा चालत बाहीर आला. पांढराफेक, पिठात लोळल्यावानी. लोकास्नी हा आवाज आला की वाटतं झाड पडलं. मला वाटतं, कुनीतरी बाहीर आलं.”

उमादेवीनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

दर खंडेनवमीला मामा सगळ्या मशिनी पुसतात, विभूती लावतात आणि एकेक सुरू करतात. पूजेला ठेवलेलं हत्यार बंद नसावं, हा त्यांचा नेम. दोरीला दुसऱ्याचा हात लावू देत नाहीत. चुकीचा हिसका बसला की दोरी तुटते, म्हणतात. पुतण्यानं एकदा हात घातला होता, तर चार दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

हरणाबाईंच्या मशिनीनं मात्र त्यांना पाच महिने रडवलं. खोकायची आणि गप्प. हवा गाळायची जाळी काढली, नवी बसवली. प्लग बदलला. कार्बोरेटर सात वेळा खोलला. आत दरवेळी तांबूस चिखल. मामांना वाटलं, गंज. रॉकेलात बुडवून ठेवायचे, पुसायचे, जोडायचे. दोन दिवसांनी पुन्हा तेच. जेवणावरची वासना उडाली. शेवटी मामी ताट घेऊन दुकानात आली, चिखल बोटावर घेऊन उजेडात धरला, वास घेतला आणि हसायला लागली.

“ह्यो गंज न्हाय वो. कुंकू हाय.”

मशीन देताना हरणाबाई तिच्या पूजेचं बोलल्या होत्या, ते मामांना आठवलं आणि उलगडा झाला. हरणाबाईंचे मालक बब्रुवान लाकूडतोडीचं काम करायचे. रोज संध्याकाळी मशीनचं वरचं झाकण काढून आतली जाळी ब्रशनं झाडायचे. हरणाबाईंनी ते बघितलेलं. त्यांच्या लेखी तिथंच मशीनचं काळीज. मालक गेल्यावर अकरा वर्षं, दर खंडेनवमीला, झाकण उघडून त्यांनी चिमूट चिमूट हळद-कुंकू नेमानं आत वाहिलं होतं. जुन्या तेलात कालवून ते दगड झालेलं. मामांनी सगळे भाग गरम पाण्यात उकळले आणि मोटार भरायच्या केसाएवढ्या तारेनं एकेक भोक मोकळं केलं. काल सकाळी मशीन पहिल्यांदा सुरू झाली.

“पण हे मावशींपुढं काढायचं न्हाय,” वस्ती दिसायला लागली तशी मामा म्हणाले. “अकरा वरसं पूजा केली त्या माउलीनं. पूजेनंच मशीन मेली म्हणून कसं सांगायचं?”

“नाही सांगत. पण विचारलं तर खोटं बोलायला लावू नका.”

हरणाबाई ओट्यावरच बसलेल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, काटक, डोक्यावरून पदर. खोलीत दोन गाठोडी बांधून ठेवलेली दिसत होती.

“शरणार्थी, मावशी!” मामा लिंगायतांचा नमस्कार घालत त्यांच्या बऱ्या कानाशी जाऊन ओरडले.

“आला का? म्या म्हनलं, आप्पा दिवाळीलाच उगवत्यात. आन ही कोन? मंडळी बदलली का काय?”

“भाची हाय! मंडळी घरीच हाय, जुनीच!”

मामांनी अंगणात पोतं सोडलं. हरणाबाईंनी मशीन जवळ ओढली. पदरानं पुसली. मग आत गेल्या आणि ताम्हण घेऊन आल्या. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. “इतक्या दिवसांनी घरी आली. ववाळल्याबिगर सुरू करायची न्हाय.” आणि सराईत हातानं त्यांनी झाकणाचा खटका काढला.

मामांनी पटकन झाकणावर हात ठेवला. “मावशी, आमच्यात मुठीला लावत्यात!”

“मुठीला?”

“व्हय! मशीन मुठीत धरत्यात, तर मान मुठीचा!”

हरणाबाईंनी उमादेवीकडं बघितलं. बाईमाणूस, कपाळावर विभूती, ही खरं बोलेल असं त्यांना वाटलं असावं. “व्हय गं, बाय?”

उमादेवीनं मनात शिवाची क्षमा मागितली. “व्हय मावशी. मुठीलाच.”

मुठीला कुंकू लागलं. मामांनी मशीन जमिनीवर ठेवली, पाय रोवला, दोरी ओढली. खोकली. पुन्हा ओढली. खोकली. पाचव्यांदा त्यांचा हात अर्ध्यातनंच परत आला आणि ओठ पांढरे पडले. उजवा खांदा गेले वर्षभर ठणकत होता. मामीला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. आठव्यांदा दोरी वीतभरही आली नाही.

“ऱ्हाऊ द्या, आप्पा,” हरणाबाई हळूच म्हणाल्या. “तुमी लई केलं. गेलेलं माघारी येत न्हाय.”

मामा वाकलेलेच राहिले. चिंचेखाली बांधलेली म्हैस तेवढी रवंथ करत होती. मग त्यांनी मान वर केली, उमादेवीकडं बघितलं आणि दोरीची मूठ तिच्यापुढं धरली.

ती पुढं आली. पदर खोचला. पहिल्यांदा ओढली ती पाणी शेंदल्यासारखी.

“तशी न्हाय. आदी हळू वढ. आत अडल्यावानी वाटंल. वाटलं? आता हिसका. कमरंतनं.”

दुसऱ्यांदा खोकली. उमादेवी मनात “शिवा” म्हणाली आणि तिसरा हिसका दिला.

निळा धूर उठला आणि मशीन गर्जली. म्हैस दावं ताणून उभी राहिली. मामांनी गुडघ्यावर बसून एका बोटानं आवाज कमी केला, वाढवला, परत कमी केला. हरणाबाईंनी बरा कान पुढं केला होता. डोळे मिटलेले, हात मांडीवर. रडल्या नाहीत. ओळखीचं कुणी दुरून बोलत असावं तशी मान हलवत राहिल्या.

बऱ्याच वेळानं मामांनी मशीन बंद केली. आवाज थांबला आणि त्याच क्षणी हरणाबाई उठल्या. आत गेल्या. काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग परातीत पीठ पडल्याचा.

“मावशी, काय झालं?” उमादेवी दारात गेली.

हरणाबाई पीठ मळता मळता थांबल्या, हाताकडं बघितलं आणि खुदकन हसल्या. “बग की! आमचा मालक मळ्यात लाकडं तोडायचा. मशीन बंद झाली की म्या भाकरी टाकायची. त्यो येईस्तोवर टम्म फुगलेली असायची. चाळीस वरसं. आवाज थांबला, हात आपसूक पिठात गेला.” मग म्हणाल्या, “आता मळलंच हाय तर जेवून जावा.”

तिघांनी चुलीपुढं बसून गरम भाकरी, ठेचा आणि दही खाल्लं. हरणाबाईंनी पुण्याचा विषय पहिल्यांदाच हसत काढला. सोनालीच्या घरी गॅस आहे, भाकरी फुगत नाही म्हणे, शिकवीन तिला. निघताना त्यांनी मशीनच्या मुठीवरून हात फिरवला. “न्या. पर दर नवमीला मुठीला कुंकू लावा. न्हायतर आप्पा, तुमच्यात लावत न्हायीत आन मला गंडवलं, असं हुईल.”

मामा खाली बघत म्हणाले, “लावतो, मावशी. दरसाल.”

परतीच्या वाटेवर पोतं उमादेवीच्या खांद्यावर होतं. मामांनी ते मागितलं नाही. ऊन कलतं झालं होतं. ओढ्यापाशी आल्यावर ते थांबले, उजवा खांदा दाबत पाण्याकडं बघत राहिले.

“उमा, उद्या सकाळी येशील का दुकानात?” ते म्हणाले. “आता तेवीस हायेत. तेवीस दोऱ्या. म्या सांगतो कशा वढायच्या, तू वढ.”