छपरावरची छत्री आणि घरातली पेटी

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. लोकांच्या छपरावर चढायचं, मग खाली उतरून त्यांच्या टीव्हीसमोर बसायचं. एवढं केलं की एखादा किस्सा आपसूक खिशात पडतो. मी आणि माझा मेहुणा संजय, आमचं बोईसरला दुकान आहे. अलीकडे आम्ही एक छोटी पेटी बसवतो. छपरावरच्या डिशच्या छत्रीत हवेतून येणारे फुकटचे चॅनेल ती पकडते आणि घरातल्या वायफायवर सोडते. मग तेच चॅनेल हॉलमध्ये टीव्हीवर बघा, नाहीतर गॅसपाशी मोबाइलवर. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "म्हणजे हे नेटवर चालतं की हवेवर?" संजयचं उत्तर ठरलेलं, "छपरापर्यंत हवेवर, घरात वायफायवर." सगळे मान डोलावतात. समजलेलं कोणालाच नसतं.

*

देशमुख मूळचे सांगलीचे, इथे कारखान्यात सुपरवायझर. एकदा त्यांचा फोन आला. "सकाळपासून इंटरनेट बंद आहे हो."

मी म्हटलं, "ते तुमच्या नेटवाल्याला सांगा."

"त्याला सांगितलंच. तुमच्याकडे वेगळी तक्रार आहे. नेट बंद आहे, आणि टीव्ही चालूच आहे."

मी समजावलं, की घरातल्या घरात वायफाय असलं की पुरे, बाहेरचं इंटरनेट या चॅनेलना लागतच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण एकदा येऊन बघून जा. असं आपोआप चालत राहणं बरं नाही."

संजय गेला, पेटीवर हात ठेवला, "बरोबर आहे" म्हणाला आणि चहा पिऊन आला. देशमुखांची तक्रार मिटली.

*

एडवणच्या जयवंतीकाकींचं चित्र सारखं जायचं. संजय छपरावर चढला तर छत्रीच्या दांड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोरी बांधलेली, आणि दोरीवर ओळीनं बोंबील वाळत घातलेले. वजनानं छत्री खाली झुकलेली.

तो वरूनच म्हणाला, "काकी, ही दोरी काढावी लागेल."

"दोरी राहू दे," काकी खालून म्हणाल्या. "वर वारा बरा लागतो. मांजर पण पोचत नाय."

"मग टीव्हीचं काय करायचं?"

"टीव्ही काय, पावसाळ्यात बघू. तवा बोंबील नसतात."

*

आमच्याच कॉलनीत पवारकाका राहतात. रिटायर झाल्यापासून ते बातम्या बघत नाहीत, बातम्यांशी भांडतात. निवेदक एक वाक्य बोलला की काकांची तीन. त्यात पुढची बातमी बुडते आणि बुडाली म्हणून काका पुन्हा चिडतात. पेटी बसवल्यावर संजयनं काकूंना रिमोटचं एक बटण दाखवलं. चालू चॅनेल तिथल्या तिथे थांबतो, आणि पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे सुरू होतो.

महिन्याभरानं मी गेलो तेव्हा निवेदक तोंड उघडं टाकून थांबला होता, काका त्याला सुनावत होते आणि काकू रिमोट हातात धरून भाजी निवडत होत्या. काकांचं आटपलं तसं काकूंनी बटण दाबलं. निवेदक पुढे बोलू लागला.

मी निघालो तशा काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे बटण फक्त टीव्हीलाच चालतं का?"

*

मनोरच्या पुढे एका पाड्यावर बुधीआजीकडे पेटी बसवली. मुलगा आणि सून कामासाठी बाहेरगावी, घरात आजी आणि शाळेत जाणारी नात. काही दिवसांनी आजींचा फोन आला, चित्र अडकतंय. पेटीवरून एका वेळी दोन-तीन मोबाइल चालतात, त्याहून जास्त झाले की ती धापा टाकते.

मी विचारलं, "आजी, वायफायचा पासवर्ड कोणाला दिलात का?"

"कोनाला नाय दिला."

"नक्की?"

"कोनाला सांगितला पन नाय. भिंतीवर लिवलाय फकस्त."

संजय जाऊन बघून आला. नातीनं बाहेरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, रस्त्यावरून दिसेल असा, सुरेख अक्षरात लिहिला होता.

*

केळव्याचे विनायकदादा आणि सुरेश सख्खे भाऊ. घरं शेजारी, मध्ये कुंपण. वाडीच्या वाटणीवरून बोलणं तुटलं होतं, ते मुलांच्या लग्नातही जुळलं नाही. सुरेशची छत्री सरळ टीव्हीला जोडलेली. दादांकडे आमची पेटी. पेटीतून वायफायवर येताना चित्र काही सेकंद मागे पडतं. एरवी ते कळत नाही, क्रिकेटच्या मॅचला कळतं. दादांच्या टीव्हीवर बोलर अजून धावतच असायचा आणि कुंपणापलीकडून सुरेशची आरोळी यायची, "गेला!"

दादांनी आम्हाला बोलावून घेतलं. "त्याला माज्या आदी कसं दिसतं?"

मी कारण सांगितलं. यावर इलाज नाही, हेही सांगितलं. दादा चार दिवस धुमसले, मग त्यांनी त्यातून सोय काढली. पलीकडे ओरडा झाला की ते आत हाक मारायचे, "या रे, विकेट पडतेय." घरची माणसं हातातलं काम टाकून वेळेवर हजर.

एका रविवारी दुपारी मॅच ऐन रंगात होती. दादांच्या टीव्हीवर सिक्स गेला. पलीकडून आवाज नाही. पाठोपाठ विकेट पडली. तरी नाही. दादांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि कान दिला. कुंपणापलीकडे शुकशुकाट. दादांची बायको, म्हणजे वहिनी सांगतात, दादा "त्याला बीपी हाय" एवढंच म्हणाले आणि चप्पलसुद्धा न घालता निघाले.

सुरेश ओट्यावर बसला होता, छपराकडे बघत. नारळाची झावळी पडून त्याची छत्री वाकडी झाली होती.

दादा अंगणात थांबले. दम लागला होता. "तुजा आवाज का नाय आला?"

"छत्री मोडली."

दादांनी एकदा त्या छत्रीकडे बघितलं. मग म्हणाले, "चल घरी. मॅच अजून हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात सुरेशचा फोन आला, छत्री बघायला या. तो ठेवतोय तोच दादांचा.

"सुरेशनं बोलावलं काय तुमाला?"

मी म्हटलं, "हो दादा. संध्याकाळपर्यंत करून देतो."

"एवढी घाई नको," दादा म्हणाले. "सिरीज संपू दे, मग या."